नजरअंदाज ते अंतिम : जुन्या दप्तराची पाने पडद्यावर कशी उलगडतात

परभणी जिल्ह्याचे महसुली दप्तर जितके जुने, तितकेच ते अनेक राजवटींच्या हातांखालून गेलेले आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी अंमल संपुष्टात आला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. पुढे १९८१ मध्ये परतूर तालुका नव्या जालना जिल्ह्याकडे गेला आणि १९९९ मध्ये हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा कळमनुरी आणि वसमतही परभणीपासून विभक्त झाले. म्हणून शिरोभागी ‘जिल्हा परभणी’ असे लिहिलेले एखादे जीर्ण पान आज परभणी जिल्ह्यातील गावाचे असेलच, अशी खात्री देता येत नाही. लिपीचीही तीच गत आहे. हैदराबाद संस्थानाच्या कारभारात १८८४ च्या सुमारास फारसीची जागा उर्दूने घेतली, मोडीचे लेखन आपल्या वाटेने चालूच राहिले आणि स्वातंत्र्योत्तर कागद बाळबोधीत आले.

ही पाने पूर्वी रुमालात बांधलेली असत; आता त्यांची स्कॅन केलेली छायाचित्रे संगणकात साठवली जातात. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या तपासणीसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्यानंतर खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कूळ नोंदवह्या आणि १९५१ चे राष्ट्रीय नागरिक रजिस्टर यांचा मराठवाडाभर जो शोध सुरू झाला, त्याने अभिलेख कक्षातील कामाचे खरे स्वरूप उघड केले. हे काम मुख्यतः वाचण्याचे नसून नाकारण्याचे आहे. हे पान दुसऱ्या गावाचे, हे कोरे, हे भलत्याच नमुन्याचे, असे म्हणत कारकून पुढे सरकतो आणि क्वचित एखाद्या पानापाशी थांबून भिंग लावल्यासारखे निरखून पाहतो. नाकारायच्या पानासाठी जर त्याला प्रत्येक वेळी पडदा स्थिर होईपर्यंत ताटकळावे लागत असेल, तर दोष त्याच्या धीराचा नव्हे, प्रोग्राम लिहिणाऱ्याचा आहे.

येथे थोडे गणित अपरिहार्य आहे. ए-४ आकाराचे पान इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात स्कॅन केले की त्याची रुंदी २,४८० आणि उंची ३,५०८ पिक्सेल होते, म्हणजे एकूण सुमारे ८७ लाख पिक्सेल. रंगीत चित्रात प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट लागतात, म्हणून हे एक पान संगणकाच्या स्मृतीत २ कोटी ६० लाखांहून अधिक बाइट जागा व्यापते. तेच पान जेपेग पद्धतीने संकोचून ठेवले तर फाइल साधारण २० लाख बाइटांचीही असू शकते. पण पडद्यावर दाखवताना तो सगळा संकोच उलगडावा लागतो, आणि फाइल कचेरीच्या सामायिक सर्व्हरवरून येत असेल तर वाटेतला विलंब निराळा. सोपा प्रोग्राम अशा वेळी सोपेच काम करतो. संपूर्ण फाइल वाचायची, संपूर्ण उलगडायची, मग एकदम दाखवायची. आणि तोवर खिडकी गोठलेली, बटणे मुकी आणि माउस निरुपयोगी.

चित्र टप्प्याटप्प्याने भरण्याची युक्ती याच ठिकाणी उपयोगी पडते. लिनक्सवरील अनेक प्रोग्रामांत वापरली जाणारी जीडीके-पिक्सबफ ही लायब्ररी उदाहरणादाखल घेऊ. तीत ‘लोडर’ नावाची एक वस्तू असते. तिच्या स्वाधीन संपूर्ण फाइल करण्याची गरज नसते. ६५,५३६ बाइटांचा एक तुकडा वाचावा, ‘राइट’ या आज्ञेने तो तिला द्यावा आणि पुढच्या तुकड्याकडे वळावे. आपल्या २० लाख बाइटांच्या पानाचे असे एकतीस तुकडे होतात. चित्राचा आकार समजताच लोडर ‘साइज-प्रिपेअर्ड’ असा संकेत देतो, चित्रासाठी जागा तयार झाली की ‘एरिया-प्रिपेअर्ड’, आणि त्यानंतर जो जो भाग उलगडेल त्या त्या भागाचे चतुःसीमेसह वर्तमान ‘एरिया-अपडेटेड’ या संकेताने कळवतो. प्रोग्रामाने तेवढाच आयत पुन्हा रंगवायचा. दोन तुकड्यांच्या मधल्या अवकाशात तो वापरणाऱ्याच्या टिचकीला उत्तर देण्यास मोकळा राहतो, आणि माझ्या मते या पद्धतीचा सर्वात मोठा लाभ हाच आहे. चित्र लवकर दिसणे हा दुय्यम.

या तीन संकेतांपैकी पहिल्याकडे लेखकांचे फार दुर्लक्ष होते. आकार कळताच, उलगडणे सुरू होण्यापूर्वी, ‘मला एवढे मोठे चित्र नको’ असे लोडरला सांगता येते. ७६८ पिक्सेल उंचीच्या पडद्यावर पूर्ण पान बसवायचे तर मूळ चित्राचा एक-चतुर्थांश मापाचा अवतार, म्हणजे ६२० गुणिले ८७७ पिक्सेल, पुरेसा होतो. जेपेगची घडण अशी आहे की हा छोटा अवतार मोठा न उलगडताच काढता येतो. २ कोटी ६० लाख बाइटांच्या जागी सुमारे १६ लाखांत भागते. पूर्ण मापाचे चित्र कारकुनाने भिंग मागितल्यावरच तयार करावे.

तुकडे क्रमाने आले तरी चित्र कोणत्या क्रमाने प्रकटेल हे फाइलच्या रचनेवर अवलंबून असते. साधे जेपेग वरून खाली ओळीओळीने उतरते. ‘प्रोग्रेसिव्ह’ जेपेगमध्ये मात्र आधी संपूर्ण पान धूसर दिसते आणि प्रत्येक फेरीगणिक स्पष्ट होत जाते, जशी आपल्याकडे पिकांची पैसेवारी आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम अशी जाहीर होते. जेपेग चित्राचे आठ गुणिले आठ पिक्सेलांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनावर जे गणित करते, ते बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या फेरीत सहसा प्रत्येक चौकोनाचे केवळ सरासरी मूल्य येते, म्हणजे ६४ पिक्सेलांच्या जागी एकच छटा. आपले पान त्या वेळी जणू ३१० गुणिले ४३९ पिक्सेलांचे असते.

एवढ्याशा धूसर चित्रात काय दिसते? अक्षर लागत नाही, पण रकान्यांच्या उभ्या रेषा दिसतात, शिक्क्याचा डाग दिसतो, आणि ओळी उजव्या समासाला चिकटून सुरू होतात की डाव्या, हे सराईत डोळ्याला उमगते. पुढच्या फेऱ्यांत शिरोरेषा ठळक झाल्या की उर्दू पान आणि मोडी पान यांचा निवाडा होतो. नाकारण्यासाठी इतके पुष्कळ आहे. उलट, गावाचे नाव नेहमी माथ्यावर असलेल्या छापील नमुन्यांसाठी वरून खाली उतरणारे साधे जेपेगच सोयीचे, कारण पहिल्या दोन-तीन तुकड्यांतच मथळा वाचता येतो. शिवाय प्रोग्रेसिव्ह चित्र उलगडताना सर्व गुणांक स्मृतीत धरून ठेवावे लागतात आणि प्रत्येक फेरीला चित्र नव्याने रंगवावे लागते. जुन्या यंत्रावर हा भार जाणवतो. तेव्हा सर्वांना एकच रचना लागू करण्याचा हट्ट मला पटत नाही.

आता या पद्धतीतील दोन धोके, जे अभिलेखांच्या बाबतीत गंभीर ठरतात. कारकुनाने ४२ वे पान अर्धे आलेले असतानाच ४३ वे मागितले, तर जुन्या लोडरचे काम तत्काळ थांबवले पाहिजे. ते न थांबवल्यास त्याचे उशिरा आलेले तुकडे नव्या पानाच्या खिडकीत रंगवले जाऊ शकतात, आणि ४३ क्रमांकाखाली ४२ व्या पानाचा मजकूर दिसू लागतो. यावर उपाय साधा आहे : प्रत्येक मागणीला अनुक्रमांक द्यावा आणि रंगवण्यापूर्वी तो चालू मागणीचाच आहे याची रुजुवात घ्यावी.

दुसरा धोका अपुऱ्या फाइलचा. मध्येच तुटलेल्या फाइलमधूनही अर्धे पान व्यवस्थित दिसते, आणि खालचा भाग मुळातच कोरा असावा असा भास होतो. लोडरला शेवटी ‘क्लोज’ ही आज्ञा दिली की चित्र अपूर्ण असल्यास ती त्रुटी परत करू शकते. पण तोवर चित्र दिसलेले असल्याने पुष्कळ प्रोग्राम तिचे उत्तर तपासतच नाहीत. ज्या पानाच्या आधारे जातीचा दाखला किंवा जमिनीची नक्कल द्यायची, त्या पानाबाबत हा निष्काळजीपणा क्षम्य नाही. अशा प्रोग्रामांचे कंत्राट ज्या अधिकाऱ्यांच्या सहीने निघते त्यांना विनंती एवढीच की, अपूर्ण पानावर तसा शेरा ठळकपणे उमटला पाहिजे आणि तो असेपर्यंत छपाईचे बटण चालता कामा नये, ही अट त्यांनी मसुद्यातच घालावी, आणि प्रोग्राम ताब्यात घेण्यापूर्वी एक फाइल मुद्दाम अर्धी तोडून त्याच्यासमोर ठेवून पाहावी.