वाऱ्याचें सुकाणूं

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस पोलादपूर तालुक्यांतील कुडपण येथें आमचा मुक्काम होता. कड्याच्या धारेवर तेथें छत्री उघडण्याची सोय नाहीं. उघडलीच तर ती माणसालाच ओढूं लागते. रात्रीं आभाळ मोकळें झालें, तेव्हां एक तेजस्वी ठिपका ताऱ्यांमधून संथपणें सरकतांना दिसला. तो उपग्रह होता. बरोबरच्या मुलानें विचारलें, "तिथें वारा असतो का?"

असतो! पांचशें किलोमीटर उंचीवर हवा अत्यंत विरळ खरी. परंतु उपग्रह सेकंदाला सुमारें साडेसात किलोमीटर धांवतो, त्यामुळें तेवढीहि हवा त्यास अडविते. १५ फेब्रुवारी २०१७ रोजीं श्रीहरिकोट्याहून एकाच अग्निबाणानें १०४ उपग्रह सोडण्यांत आले. त्यांतील ८८ एका अमेरिकन कंपनीचे, सुमारें पांच किलो वजनाचे, पृथ्वीचीं छायाचित्रें घेणारे होते. पुढें ढकलणारें यंत्र त्यांच्यांत नव्हतें; तरीहि त्या घोळक्याची एका कक्षेंत माळ ओंवावयाची होती.

युक्ति अशी कीं, कांहींनीं आपल्या वीज करणाऱ्या फळ्या वाऱ्यासमोर आडव्या धरावयाच्या, कांहींनीं कडेनें. आडव्या धरणारा मागें पडेल असें वाचकांस वाटेल. घडतें उलट! अडथळ्यामुळें तो किंचित् खालीं उतरतो. खालची कक्षा आंखूड व तेथील वेग अधिक, म्हणून तो पुढें निघतो. एक किलोमीटर खालीं उतरलेला उपग्रह दर फेरीस सुमारें साडेनऊ, म्हणजे दिवसास सुमारें १४० किलोमीटर पुढें जातो. हवें तितकें अंतर पडलें कीं त्यानें फळ्या वळवावयाच्या, आणि मागच्यानें आडव्या धरून त्याच्याच उंचीस यावयाचें. मग दोघांची चाल एक. हें उमजण्यास आम्हांस कागदावर दोनदां आंकडेमोड करावी लागली, हें कबूल केलें पाहिजे.

मात्र गमावलेली उंची परत मिळत नाहीं. प्रत्येक वळण उपग्रहाच्या आयुष्यांतून वजा होतें. शिवाय हा वारा सूर्याच्या लहरीवर अवलंबून. सूर्य खवळला कीं वरची हवा फुगते. फेब्रुवारी २०२२ मध्यें नुकतेच सोडलेले ४९ स्टारलिंक उपग्रह सुमारें २१० किलोमीटर उंचीवर अशा वादळांत सांपडले. कागदाप्रमाणें कडेनें धरूनहि त्यांतील बहुतेक जळून गेले.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं बनविलेला, किलोभरहि वजन नसलेला 'स्वयम्' २०१६ सालीं याच पांचशें किलोमीटरांच्या टापूंत गेला. दिशा धरण्यासाठीं त्यानें पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आश्रय घेतला होता.

हें सारें ऐकून मुलगा म्हणाला, "मग उद्यां कड्यावर छत्री उघडून पाहूं या." दुसऱ्या दिवशीं छत्री आम्हीं बिऱ्हाडींच ठेवली.