जिल्हा परिषदेतील गटाचा माणूस

क्रांती चौकात व्याख्यान ऐकण्यास जमणाऱ्या बहुतेक नागरिकांना जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मत नसते. शहराला महानगरपालिका आहे. पैठण, वैजापूर, कन्नड यांसारख्या गावांना नगरपरिषदा आहेत. ही क्षेत्रे वगळून उरलेल्या जिल्ह्याचा कारभार जिल्हा परिषदेकडे येतो. मग शहरवासीयांनी या विषयाची उठाठेव का करावी? खेड्यातला माणूस या शहरात येतो तो पुष्कळदा जिल्हा परिषदेचे हेलपाटे घालण्यासाठीच. हे हेलपाटे वाचविण्याचे काम ज्याच्यावर सोपविले आहे, त्या गटाच्या सदस्याची ओळख आपण आज करून घेऊ.

ही संस्था कशी आली, ते प्रथम पाहू. इंग्लंडात 1888 च्या कायद्याने कौंटी कौन्सिले निघाली. आपल्या देशात लॉर्ड रिपनच्या 1882 च्या ठरावाने लोकल बोर्डांच्या वाढीस चालना मिळाली. मराठवाडा 1948 पर्यंत निजामी अमलाखाली राहिला. त्यामुळे लोकनियुक्त कारभाराची सवय येथील खेड्यांना उशिराच लागली. 1957 साली बलवंतराय मेहता समितीने लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली. तिचा भर पंचायत समितीवर होता. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीने 1961 साली निराळे मत दिले : विकासाच्या कामाला खरा योग्य घटक जिल्हा हाच. त्या वर्षी कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला.

आता गट म्हणजे काय ते पाहू. जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचे निवडणुकीसाठी जे विभाग पाडतात, ते गट. आपल्या जिल्ह्यात 2017 च्या निवडणुकीत असे 62 गट होते. एका गटाचे दोन गण असतात. मतदार एक मत जिल्हा परिषदेसाठी देतो, दुसरे गणाच्या प्रतिनिधीसाठी, म्हणजे पंचायत समितीसाठी. गट म्हणजे निव्वळ शेतकऱ्यांची वस्ती, अशी कल्पना मात्र कोणी करू नये. वाळूजला कारखाने आले, त्यांच्या आसपास रांजणगाव शेणपुंजी, वडगाव कोल्हाटी ही गावे शहरासारखी फुगली. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहिला. तिकडे अजिंठ्याच्या डोंगराखाली सोयगाव तालुक्यात जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून लांब पडते. एकाला गटार हवे, दुसऱ्याला शाळेची खोली. आणि दोघांचे प्रतिनिधी एकाच सभागृहात बसतात.

सदस्य तेथे करतो काय? एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या गावी शाळेचे छप्पर गळते आहे. ग्रामसभेने ठराव केला, कागद पंचायत समितीत गेला, तेथून शिक्षण विभागात, पुढे बांधकाम विभागात. अंदाजपत्रक व्हावयाचे, तांत्रिक मान्यता मिळावयाची, प्रशासकीय मान्यता मिळावयाची. या प्रवासात कागद एखाद्या टेबलावर निजून राहिला, तर त्याला उठविणार कोण? सदस्य विषय समितीत विचारतो. तेथे दाद लागली नाही तर सर्वसाधारण सभेत विचारतो. त्याचा प्रश्न व अधिकाऱ्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदले जाते. पुढल्या सभेत तेच इतिवृत्त उघडून ‘त्याचे काय झाले?’ असे विचारता येते. आमच्या मते सदस्याचे खरे बळ या नोंदीत आहे.

कारण पैशाचे बळ त्याच्याजवळ थोडे. उपकर, मुद्रांक शुल्कातील वाटा अशी परिषदेची स्वतःची मिळकत बेताची. बहुतेक पैसा सरकारी अनुदानाचा, आणि तो कोणत्या कामावर खर्चावा हेही पुष्कळदा वरूनच ठरून येते. शिवाय राखीव जागा फिरत्या असल्यामुळे आजच्या सदस्यास पुढच्या खेपेस त्याच गटातून उभे राहता येईलच असे नाही. ही फिरती पद्धत सोयीची नसली, तरी तिनेच सभागृहाची दारे रुंद केली. 2011 पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पाणी दुरून वाहून आणणारीने पाणीपुरवठ्याचा प्रश्न विचारला, तर त्याला निराळेच वजन येते.

हे विचारणारे माणूसच नसले तर काय होते, याचा अनुभव या जिल्ह्याने घेतला आहे. 1993 साली अमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींची मुदत पाच वर्षांची ठरविली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पुरी व्हावी असा दंडक घातला. तरीही 2017 साली निवडून आलेल्यांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, इतर मागास वर्गाच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात रेंगाळला, आणि परिषद तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिली. शेवटी 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत निवडणुकीची अधिसूचना काढण्याचा आदेश दिला.

त्या काळात रस्ते झाले नाहीत, पगार थांबले, असे कोणी म्हणणार नाही. कारभार चालूच होता. परंतु प्रशासक कोण? तर परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. म्हणजे ज्यांना प्रश्न विचारावयाचे, सभेचे अधिकारही त्यांच्याच हाती! अधिकारी कितीही सचोटीचा असो, त्याने स्वतःलाच प्रश्न विचारावा, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाला धरून नाही. जिल्हा नियोजन समितीतल्या परिषदेच्या जागाही अशा वेळी रिकाम्या पडतात. म्हणजे जिल्ह्याच्या पैशाची वाटणी ठरते तेथेही गटाचा आवाज पोहोचत नाही.

शहराला यातून अलिप्त राहता येणार नाही. शहराची भाजी, दूध आणि मजूर या गटांतूनच येतात. गावची शाळा व दवाखाना बिघडला की त्याचा भार शहरावरच पडतो. आपल्याला तेथे मत नसेल, पण कान आहेत. सर्वसाधारण सभेत कोणी काय विचारले आणि काय उत्तर मिळाले, हे वर्तमानपत्रात शोधून वाचण्याची सवय शहराने लावून घ्यावी. आपले बोलणे कोणी ऐकत आहे असे कळले, की विचारणारा जपून विचारतो आणि उत्तर देणाराही जपून देतो.