एका पानात मावलेलं कुलूप

कमोडोर ६४ टीव्हीला जोडून सुरू केला, की निळ्या पडद्यावर माहिती येते: बेसिकसाठी ३८,९११ बाइट मोकळे. १९८२मध्ये आलेल्या या घरगुती संगणकाच्या पोटात ६५१० प्रोसेसर आहे. घड्याळाचे ठोके सेकंदाला जेमतेम दहा लाख. हाताशी ए, एक्स आणि वाय ही तीन रजिस्टरं, तीही एकेका बाइटची. गुणाकाराची आज्ञाच नाही. याच कुळातला ६५०२ बीबीसी मायक्रोत होता आणि ‘क्लास’ प्रकल्पातून तो ऐंशीच्या दशकात आपल्याकडच्या शाळांतही पोचला होता.

अशा यंत्रावर हौशी प्रोग्रामर आज कूटलेखन बसवतात. ते बसवताना एक गोष्ट लख्ख दिसते: कोणती पद्धत कशा यंत्राला डोळ्यांसमोर ठेवून घडवली, ते तिच्या अंगावरच लिहिलेलं असतं.

१९७७ची डीईएस ही पद्धत घ्या. तिच्यात सुटे बिट इकडचे तिकडे जातात. चिपमध्ये ही नुसती तारांची अदलाबदल; ६५१०ला मात्र एकेक बिट वेचून नव्या जागी लावावा लागतो. केंब्रिजच्या डेव्हिड व्हीलर आणि रॉजर नीडहॅम यांची १९९४ची टीईए इतकी आटोपशीर, की तोंडपाठ व्हावी. पण तिचा हिशेब ३२ बिटांच्या आकड्यांत चालतो. असा आकडा एक घर सरकवायला चार आज्ञा, वीस ठोके. दर फेरीत चार घरं डावीकडे, पाच उजवीकडे; फेऱ्या ६४. सरकवासरकवीतच साडेअकरा हजार ठोके खर्ची पडतात. मुरलेला प्रोग्रामर इथे युक्ती काढतो: पाच घरं उजवीकडे म्हणजे आठ उजवीकडे आणि तीन डावीकडे. आठ घरं म्हणजे अख्खा बाइट; तो हलवायचाच नाही, शेजारच्या पत्त्यावरून वाचायचा.

मग येते २००१मध्ये अमेरिकेचं मानक झालेली एईएस. बेल्जियमच्या योआन डामन आणि व्हिन्सेंट राइमेन यांची ही पद्धत बाइटांतच विचार करते. तिचं अदलाबदलीचं कोष्टक २५६ बाइटचं, आणि ६५१०च्या स्मृतीचं एक पानही २५६ बाइटचं! कोष्टक एका पानात चपखल बसतं. तिचं दुप्पट करणंही शाळकरी: बाइट एक घर डावीकडे सरकवा, हातचा आला तर २७शी एक्सॉर करा (वेगळे बिट तिथे १, सारखे तिथे ०).

पण याच हातच्यात चोरवाट आहे. तो आला तर एक काम वाढतं, वेळ बदलते, आणि ठोके मोजणाऱ्याला आतल्या गुपिताचा सुगावा लागतो. म्हणून जाणकार दुपटीचंही तयार कोष्टक ठेवतात. कोष्टक पानाच्या मध्यावर सुरू केलं, तर पान ओलांडताना प्रोसेसर एक ठोका जास्त घेतो. म्हणून ते पानाच्या पहिल्या बाइटपासूनच मांडायचं.

एवढं करून कूटलेखनाची गुप्त किल्ली कुठे ठेवायची? या यंत्रात स्मृतीला पहारा नाही. पीक ही बेसिकची साधी आज्ञा देऊन कुणीही कुठलाही बाइट वाचू शकतो. कुलूप आजच्या बँकेला शोभेल असं. किल्ली मात्र दाराशेजारच्या खुंटीवर. मुद्दाम पुसली नाही, तर वीज जाईपर्यंत ती तिथेच राहते.