मोठ्या स्प्रेडशीट फाइलींची निर्मिती

मोठ्या स्प्रेडशीट फाइलींची निर्मिती म्हणजे लाखो ओळींची माहिती संगणकीय आज्ञावलीच्या साहाय्याने स्प्रेडशीटच्या साच्यात लिहिण्याची प्रक्रिया होय. शिधापत्रिकाधारकांच्या याद्या, शिष्यवृत्तीचे तक्ते, वेतनपत्रके अशा फाइली हाताने न भरता माहितीसाठ्यातून थेट तयार केल्या जातात. काही शे ओळींसाठी उत्तम चालणारी आज्ञावली काही लाख ओळींवर मात्र अतिशय संथ होते किंवा स्मृती अपुरी पडून बंद पडते. हा दोष बहुधा संगणकाच्या क्षमतेचा नसून लेखनपद्धतीचा असतो.

फाइलीची अंतर्गत रचना

एक्सएलएसएक्स हा साचा मायक्रोसॉफ्टने एक्सेल २००७ सोबत प्रचारात आणला. त्याचे मानक ‘एक्मा-३७६’ या नावाने २००६ मध्ये मान्य झाले. वरकरणी एकच दिसणारी ही फाइल प्रत्यक्षात झिप पद्धतीने आवळलेले गाठोडे असते. त्यात प्रत्येक पत्रकासाठी एक एक्सएमएल दस्तऐवज, मजकुराची सामाईक सूची आणि मांडणीच्या शैलींची सूची असे भाग असतात. एखादा शब्द हजार सेलमध्ये आला, तरी सामाईक सूचीत तो एकदाच लिहिला जातो आणि सेलमध्ये केवळ त्याचा क्रमांक येतो. यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हाला तीन बाइट लागतात. त्यामुळे ‘अक्कलकुवा’ या नावास २७ बाइट लागतात. गावे आणि तालुके यांची नावे वारंवार येणाऱ्या मराठी याद्यांत या सूचीचा उपयोग विशेष होतो.

संथपणाची कारणे

सर्वांत मोठे कारण म्हणजे संपूर्ण पत्रक एकाच वेळी स्मृतीत उभे करणे. या पद्धतीत प्रत्येक सेलसाठी स्वतंत्र वस्तू निर्माण होते. दहा रकान्यांच्या पाच लाख ओळी म्हणजे पन्नास लाख वस्तू. पायथॉन भाषेतील ओपनपायएक्सएल या ग्रंथालयाच्या माहितीपुस्तिकेत स्मृतीचा वापर मूळ फाइलीच्या सुमारे ५० पट होतो, असे नमूद केले आहे.

दुसरे कारण प्रत्येक सेलसाठी नवी शैली घडवण्याचे. एक्सएलएसएक्स फाइलीत शैलींच्या संख्येला कमाल मर्यादा आहे. त्यामुळे बेसुमार शैलींनी वेग मंदावतोच, शिवाय फाइल सदोष होण्याचाही संभव असतो. रकान्याची रुंदी मजकुरानुसार आपोआप ठरवणे हेही खर्चिक काम आहे, कारण त्यासाठी त्या रकान्यातील मजकूर मोजावा लागतो. चालू असलेल्या एक्सेलला बाहेरील आज्ञावलीतून एकेका सेलची आज्ञा देणे ही चौथी अडचण होय. येथे लेखनापेक्षा दोन प्रक्रियांमधील ये-जा अधिक वेळ खाते.

वेग वाढवण्याचे उपाय

प्रवाही लेखन हा प्रमुख उपाय आहे. यात एक ओळ तयार झाली की ती डिस्कवर लिहून स्मृतीतून काढून टाकली जाते. जावा भाषेतील अपाचे पीओआय ग्रंथालयाचा एसएक्सएसएसएफ हा भाग मूलतः शेवटच्या १०० ओळीच स्मृतीत ठेवतो. ओपनपायएक्सएलमधील केवळ-लेखन पद्धत आणि एक्सएलएसएक्सरायटरमधील स्थिर-स्मृती पद्धत याच तत्त्वावर चालतात. याची किंमत अशी की, ओळी क्रमानेच लिहाव्या लागतात आणि लिहून झालेल्या ओळीकडे परतता येत नाही. म्हणून बेरजा व शीर्षके आधी निश्चित करावी लागतात. शेवटच्या दोहोंपैकी स्थिर-स्मृती पद्धतीत मजकूर सामाईक सूचीऐवजी सेलमध्येच लिहिला जातो. त्यामुळे स्मृती वाचते, पण फाइल काहीशी मोठी होऊ शकते.

माहिती घेण्याची बाजूही तितकीच महत्त्वाची असते. माहितीसाठ्यातून सर्व ओळी एकदम मागवल्या, तर लेखन प्रवाही असूनही स्मृती भरते. त्यामुळे ओळी टप्प्याटप्प्याने मागवल्या जातात. तारखा, रकमा आणि शीर्षके यांच्या मोजक्या शैली आरंभीच तयार करून पुन्हा पुन्हा वापरल्या जातात आणि रुंदी अंदाजाने ठरवली जाते. एक्सेल चालू ठेवूनच काम करायचे असल्यास द्विमितीय सरणी एकाच आज्ञेने संपूर्ण क्षेत्रात भरली जाते, तसेच पडद्याचे नूतनीकरण आणि स्वयंचलित गणन लेखनापुरते थांबवले जाते. मात्र बदल करण्यापूर्वी वेळ माहिती आणण्यात जातो, लेखनात की आवळण्यात, याचे मोजमाप आवश्यक असते.

नंदुरबार जिल्ह्याचे उदाहरण

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील शहादा तालुक्यातील टेंभली या गावी देण्यात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ आहे. एक्सएलएसएक्सच्या एका पत्रकात जास्तीत जास्त १०,४८,५७६ ओळी मावतात. प्रत्येक रहिवाशाची एक ओळ धरल्यास, शीर्षकाची ओळ वगळून ५,९९,७२० व्यक्ती पहिल्या पत्रकाबाहेर राहतात. जुन्या एक्सएलएस साच्यात ही मर्यादा ६५,५३६ ओळींची असल्याने तेवढ्याच यादीस २६ पत्रके लागतील. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी या सहा तालुक्यांची स्वतंत्र पत्रके केल्यास प्रत्येक पत्रक नव्या साच्याच्या मर्यादेत बसते आणि वाचणाऱ्यालाही आपला भाग चटकन सापडतो.

वेग आणि अचूकता

मर्यादा ओलांडल्याचा परिणाम गंभीर होऊ शकतो. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून सुटले. जुन्या एक्सएलएस साच्याची ओळमर्यादा त्यास कारणीभूत ठरल्याचे वृत्तमाध्यमांनी दाखवून दिले. या रुग्णांच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध त्यामुळे लांबला.

सीएसव्ही हा साधा मजकुरी साचा सर्वांत वेगाने लिहिता येतो आणि त्यास ओळींची मर्यादा नसते. परंतु मोठी सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडल्यास मर्यादेपलीकडील ओळी दिसत नाहीत आणि ती तशीच जतन केल्यास त्या गळतात. एक्सेल संख्येचे १५ अंकच अचूक ठेवते. म्हणून त्याहून लांब किंवा शून्याने आरंभ होणारे खाते क्रमांक, संख्या म्हणून लिहिणे सोयीचे वाटले तरी, मजकूर म्हणूनच लिहावे लागतात. माहितीसाठ्यातील ओळी आणि फाइलीत लिहिलेल्या ओळी यांची संख्या शेवटी पडताळून पाहणे हा या प्रक्रियेचा अविभाज्य भाग आहे. शासकीय यादीतील प्रत्येक ओळीमागे एक व्यक्ती असते आणि गळालेल्या ओळीची व्यक्ती लाभापासून वंचित राहू शकते.