कमिशन बिलावर नव्हे, शिलकीवर

कार्यालयांच्या साफसफाईची कंत्राटे घेणाऱ्या छोट्या व्यावसायिकापुढे विक्री प्रतिनिधीला मोबदला कसा द्यावा, हा प्रश्न हमखास उभा राहतो. केवळ पगार दिल्यास नवी कामे आणण्याची उमेद राहत नाही आणि केवळ कमिशनवर माणूस टिकत नाही. त्यामुळे माफक पगार आणि त्यावर कमिशन हा मार्ग सोयीचा ठरतो. खरी मेख आहे ती कमिशन कशावर मोजायचे, यात.

समजा, १८ टक्के जीएसटी वगळून महिन्याचे बिल एक लाख रुपये आहे. कामगारांचे वेतन, भविष्य निर्वाह निधी, ईएसआय आणि साहित्य यांवर ८८ हजार खर्च झाल्यास हाती १२ हजार उरतात. बिलावर पाच टक्के कमिशन दिले, तर त्यातील पाच हजार तिथेच संपतात. शिवाय कंत्राट मिळविण्यासाठी प्रतिनिधी दर पाडतो आणि त्याची झळ अखेर सफाई कामगाराच्या किमान वेतनाला बसते.

त्याऐवजी शिलकीच्या दहा टक्के, म्हणजे १,२०० रुपये, ग्राहकाचे पैसे जमा झाल्यावर दरमहा द्यावेत. अशी दहा कंत्राटे टिकल्यास प्रतिनिधीला पगाराखेरीज महिना १२ हजार मिळतात. दर पाडला की त्याचेही कमिशन घटते. मात्र, हा हिशेब नेमणूकपत्रात लेखी असणे आवश्यक आहे.