सोळा लिटरची आंघोळ
(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

सेकंड इयरला हॉस्टेलात नंबर लागला नाही म्हणून आम्ही तिघांनी जळोचीत खोली घेतली. जळोची आता बारामती नगरपरिषदेत आलं असलं तरी सकाळची थंडी अजून शेतातलीच आहे. खोली बघायला गेलो तेव्हा मालकांनी सगळ्यात आधी बाथरूम दाखवलं. आत गॅस गीझर! आम्ही भाडंही नीट विचारलं नाही, लगेच हो म्हटलं. हॉस्टेलात बादली घेऊन रांगेत उभे राहिलेले लोक आम्हाला का ते विचारणार नाहीत.

त्याच दिवाळीत अमेरिकेतल्या आतेभावाचा फोन आला. त्याने बायकामुलांसह दहा दिवस आर.व्ही. भाड्याने घेतली होती. आर.व्ही. म्हणजे चाकांवरचं घर, एका बसमध्ये स्वयंपाकघर, पलंग आणि संडास-बाथरूम. मला वाटलं, आता डोंगर-दऱ्यांची वर्णनं ऐकायला मिळणार. तर हा म्हणाला, "अरे, रोज भांडण एकाच गोष्टीवरून. गरम पाणी कुणी संपवलं!"

तिथल्या पुष्कळशा गाड्यांत गरम पाण्याची टाकी ६ गॅलनची असते, म्हणजे जेमतेम २३ लिटर. ती संपली की पुन्हा तापायला अर्धा तास तरी जातो. आणि शॉवरमधून मिनिटाला ८-९ लिटर पाणी सहज जातं. म्हणून तिथे अंग भिजवायचं, नळ बंद, साबण लावायचा, मग नळ उघडून धुवायचं, अशी शिस्त. याला ते नौदलाची आंघोळ म्हणतात. जहाजावरही गोडं पाणी मोजकंच ना! मी त्याला म्हटलं, दादा, बादली आणि तांब्या घे, नौदलाची गरजच नाही. तांब्यातून साबण लावताना पाणी वाहतच नाही.

फोन ठेवला आणि वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. (थर्मोच्या तासाला मांडलं, पण ते सर वाचणार नाहीत अशी आशा आहे.) बादलीभर आंघोळीला १६ लिटर पाणी धरा, तेही अंगाला सोसेल असं ४० अंशांचं. हिवाळ्यात नळाचं पाणी २० अंश धरलं, तर ६० अंशांचं ८ लिटर आणि नळाचं ८ लिटर मिसळलं की झाली बादली. आतेभावाच्या २३ लिटरमधून अशा तीन बादल्या निघतात. चौघांचं कुटुंब. भांडण होणारच!

एका बादलीला उष्णता लागते १६ × ४.१८६ × २०, म्हणजे सुमारे १३४० किलोज्यूल. विजेच्या हिशेबात ०.३७ युनिट. दीड किलोवॅटच्या रॉडला पंधरा मिनिटं. गॅसवर तापवलं तर ३५-३६ ग्रॅम गॅस, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साडेतीनशेच्या वर आंघोळी. एवढं स्वस्त बघून आम्ही खूश झालो आणि गीझर मनसोक्त चालवू लागलो.

आतेभावाने गाडीचे फोटोही पाठवले होते. त्यातल्या एका फोटोत गाडीच्या बाहेरच्या अंगाला एक जाळीचं छोटं दार होतं. त्याच्या मागे पाणी तापवायचा बर्नर. हवा बाहेरून घ्यायची, धूर बाहेरच सोडायचा, आणि राहत्या जागेत फक्त गरम पाण्याची नळी. तेव्हा मी ते बघून पुढे गेलो. त्याचा अर्थ जानेवारीत कळला.

एका सकाळी आमचा रूम पार्टनर आंघोळीला गेला तो वीस मिनिटं बाहेर आलाच नाही. गीझरचा आवाज येत होता. हाक मारली तर कुणी झोपेत बोलावं तसं उत्तर. दार ढकललं तर कडी नशिबाने अर्धवटच लागलेली. भिंतीला टेकून तो बसला होता, उठता येत नव्हतं. उचलून गच्चीवर आणला. डोकं प्रचंड दुखत होतं, एकदा उलटी झाली. दवाखान्यात डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "गीझर बाथरूमच्या आत आहे का?"

दोष आमचाच होता. थंडी येते म्हणून बाथरूमच्या झरोक्यात आम्हीच वर्तमानपत्र कोंबलं होतं.

आता पुन्हा वही काढा. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गीझर साधारण १३ किलोवॅटने गॅस जाळतो. पंधरा मिनिटांत सुमारे पाव किलो. एक किलो एल.पी.जी. नीट जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते, म्हणजे पाव किलोला ३ घनमीटर. आमचं बाथरूम चार बाय पाच फूट, उंची आठ फूट. सगळी मिळून हवा साडेचार घनमीटर! त्यातच माणूस श्वास घेणार. हवेतला ऑक्सिजन कमी होत गेला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आणि त्याला वास नसतो. 'गॅस लीक झाला तर वास येईलच' असं आपण म्हणतो, पण तो वास न जळलेल्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो. जळून झालेल्या धुरात तो नसतो. ज्योत निळी असायला हवी, पिवळी दिसली तर काहीतरी बिघडलंय. पण अंगाला साबण लावताना ज्योतीकडे बघतो कोण?

मालकांनी दुसऱ्याच दिवशी प्लंबर बोलावला. गीझर बाहेर मोकळ्या गच्चीच्या भिंतीवर गेला, आत फक्त नळी. खर्च आमच्या अंदाजापेक्षा बराच कमी आला. तुमच्यापैकी जे बाहेर खोल्या घेऊन राहतात त्यांनी आज संध्याकाळी जाऊन एवढंच बघावं, की गीझर कुठे आहे आणि झरोका उघडा आहे का. हॉस्टेलवाल्यांसाठी रॉडबद्दल एकच वाक्य: पाणी तापलं का ते बोट घालून बघायच्या आधी बटण बंद करून पिन काढा, आणि बादली प्लॅस्टिकचीच घ्या.

आता पाइपची गोष्ट. दुपारी शेतातली काळी पाइप उघडली की आधी चटका बसणारं पाणी येतं, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. मालकांकडून ३२ मि.मी.ची जुनी काळी पाइप ३० मीटर आणली आणि गच्चीवर जिलबीसारखी पसरली. तिच्यात १८ लिटरच्या आसपास पाणी मावतं. शेजारी २० लिटरचा काळा कॅन ठेवला. दुपारी साडेतीनला पाइपमधलं पाणी ४४ अंश, कॅनमधलं ३१. दोघांवर ऊन तेच, पण पाइप पसरलेली असल्याने तिला ऊन कितीतरी जास्त मिळतं. गंमत अशी की रात्री आठला उलटं झालं. पाइप थंडगार, कॅन अजून कोमट. पसरलेलं पाणी लवकर तापतं आणि तितकंच लवकर निवतं. म्हणून आम्ही चारला पाइप रिकामी करतो आणि पाणी थर्माकोलच्या खोक्यात बसवलेल्या कॅनमध्ये भरतो. खेळून आलेल्यांची आंघोळ त्यात होते.

आमची छाती फुगली. वाटलं, हे ऊसतोड कामगारांना द्यावं. बीड, अहिल्यानगरकडून दर हंगामात लोक माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे येतात, कोप्या करून राहतात आणि पट्टा पडला की उठतात. आपल्याकडचं खरं फिरतं घर तेच. एन.एस.एस.च्या मुलांबरोबर एका तळावर गेलो. तीन दगडांच्या चुलीवर, उघड्यावर, काळाकुट्ट हंडा आणि खाली उसाचं पाचट. म्हणजे ज्योत बाहेर, अगदी आर.व्ही.सारखी! मी पाइपचं सगळं समजावून सांगितलं. एका मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पाणी तापवायचं काय घेऊन बसलास बाबा," त्या म्हणाल्या, "पाचट लई हाय इथं. आडोसा न्हाई, त्ये बघ. आमी बायका उजाडायच्या आत अंधारात उरकतो."

पुढच्या रविवारी आम्ही सहा बांबू आणि दुहेरी शेडनेट घेऊन गेलो. खाली फरश्या टाकल्या, पाणी जायला चर काढला. पाइप अजून आमच्याच गच्चीवर आहे.