दातांची कुंडली सोबत न्या!

भिलाईच्या सेक्टरांमध्ये एक दृश्य नेहमीचे आहे. नोकरीची मुदत संपते, क्वार्टर सोडण्याची तारीख ठरते आणि एके दिवशी सकाळी दारात ट्रक येऊन उभा राहतो. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशभरातून माणसे इथे कामाला आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. निवृत्तीनंतर कुणी इथेच रिसाली-दुर्गकडे घर बांधते, तर कुणी सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवरच्या नागपूरला किंवा थेट पुण्याला परतते.

निघताना फंडाचे कागद, बँकेची पासबुके, गॅसचे कार्ड सारे आठवणीने पिशवीत जाते. रक्तदाब आणि मधुमेहाच्या फायलीही जातात. राहून जातात ते दातांचे कागद!

‘‘दुखले नाही, एवढेच आठवते’’

समजा, असेच एक जोडपे नागपूरला स्थायिक झाले. काही महिन्यांनी काकूंची खालची डावी दाढ ठणकू लागली. दोन वर्षांपूर्वी भिलाईत तिचे रूट कॅनाल झाले होते, वर टोपीही बसवली होती. नव्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मुळाच्या टोकाशी एक काळसर डाग दिसला. डॉक्टरांनी विचारले, ‘‘हा डाग आधीपासून होता का? किती नलिका भरल्या होत्या?’’ काकू म्हणाल्या, ‘‘डॉक्टर फार चांगले होते. दुखले नाही, एवढेच आठवते.’’

इथेच खरी अडचण आहे. मुळाशी झालेला संसर्ग उपचारानंतर लगेच नाहीसा होत नाही. तिथले हाड भरून यायला कित्येक महिने, कधी दोन-चार वर्षेही लागतात. जुन्या एक्स-रेमध्ये हा डाग मोठा असेल आणि आता लहान झाला असेल, तर दाढ बरी होत आहे. दुखण्याचे कारण कदाचित दुसरेच असेल. जुन्या एक्स-रेमध्ये डाग नसेल आणि आता दिसत असेल, तर मात्र उपचार पुन्हा करावे लागतील. एकच चित्र पाहून हा फरक नेहमीच कळत नाही. जुना एक्स-रे हाताशी असता, तर दाढ राखायची की काढायची, हा निर्णय सोपा झाला असता.

काय काय मागून घ्यावे?

गाव सोडण्यापूर्वी, किंवा गावातल्या गावात डॉक्टर बदलतानाही, पुढील गोष्टी मागून घ्याव्यात :

• केसपेपरची प्रत : कोणत्या दाताला केव्हा काय केले, याची तारीखवार नोंद.

• एक्स-रे : एका-दोन दातांचे छोटे आणि पूर्ण जबड्याचे मोठे, दोन्ही. प्रत्येकावर नाव व तारीख असल्याची खात्री करावी. छोट्या फिल्मवर एक उंचवटा असलेला ठिपका असतो. त्यावरून डावी-उजवी बाजू कळते, म्हणून फिल्म कापू नये. एक्स-रे संगणकावरचा असेल, तर मूळ फाइलच मागावी. मोबाइलवरून पाठवलेल्या फोटोत बारकावे हरवतात.

• रूट कॅनालचा तपशील : किती नलिका भरल्या, एखादी बंद होती का, उपचारात सुईचा तुकडा आत राहिला का. असा तुकडा राहिला म्हणजे दात गेलाच असे नाही. पण पुढच्या डॉक्टरांना ते ठाऊक हवे.

• इम्प्लांटची माहिती : कंपनीचे नाव, प्रकार, व्यास व लांबी. एका कंपनीचे सुटे भाग दुसरीच्या इम्प्लांटला बसतीलच असे नाही. एखादा स्क्रू सैल झाला, तरी या माहितीवाचून पंचाईत होते.

• हिरड्यांची मापे : दात आणि हिरडी यांमधली खोली मिलिमीटरमध्ये मोजतात. तीनपर्यंतची खोली सहसा ठीक मानतात. पूर्वी चार असलेली खोली आता सहा झाली, तर रोग वाढतो आहे हे लगेच कळते.

• औषधांचा त्रास : पेनिसिलिनची अॅलर्जी, भूल दिल्यावर आलेली चक्कर, रक्त पातळ करणारी गोळी. ही नोंद सर्वांत वरच्या कागदावर असावी.

आकड्यांची गंमत

केसपेपरवर ‘३६’ किंवा ‘१४’ असे आकडे दिसले, तर गोंधळून जाऊ नये. भारतात बहुतेक ठिकाणी दोन अंकी पद्धत वापरतात. पहिला अंक जबड्याचा भाग सांगतो : १ म्हणजे वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा आणि ४ खालचा उजवा. दुसरा अंक म्हणजे मधल्या रेषेपासून मोजलेला दाताचा क्रमांक. म्हणजे ३६ ही खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. दुधाच्या दातांसाठी पहिला अंक ५ ते ८ असतो.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असेल आणि आईवडील तिकडे जाणार असतील, तर अधिक सावध राहावे. तिथे दात सरळ १ ते ३२ असे मोजतात. आपल्याकडचा १४ म्हणजे वरच्या उजव्या बाजूची लहान दाढ. तिकडचा १४ म्हणजे वरच्या डाव्या बाजूची मोठी दाढ! म्हणून कागदावर आकड्याबरोबर ‘खालची डावी पहिली दाढ’ असे शब्दांतही लिहून घ्यावे.

तारा लावलेल्या मुलांचे काय?

दहावी-बारावीनंतर भिलाईची मुले शिक्षणासाठी पुण्या-नागपूरकडे जातात. त्यातल्या काहींच्या दातांना तारा लावलेल्या असतात आणि हा उपचार वर्ष-दोन वर्षे चालतो. मध्येच डॉक्टर बदलावा लागला, तर सुरुवातीचे प्लॅस्टरचे साचे, चेहऱ्याचे फोटो, बाजूने काढलेला एक्स-रे आणि उपचाराचा आराखडा नक्की घ्यावा. ब्रॅकेटच्या खाचेचे मापही लिहून घ्यावे, कारण तारेची जाडी त्यावर ठरते. किती पैसे दिले, किती काम बाकी आहे, याचा हिशेबही लेखी हवा. तारा लावलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने कुणालाच दाखवले नाही, तर दात भलतीकडे सरकू शकतात.

मागायला संकोच कशाला?

‘‘कागद मागितले तर डॉक्टरांना वाईट वाटेल,’’ असे अनेकांना वाटते. हा संकोच सोडावा. १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाला केसपेपरच्या प्रती मिळाल्या पाहिजेत, असे स्पष्ट केले. भारतीय दंत परिषदेच्या २०१४ च्या आचारसंहितेतही नोंदी किमान तीन वर्षे जपाव्यात आणि मागणी आल्यास ७२ तासांत द्याव्यात, असे म्हटले आहे. ‘तीन वर्षे’ हे शब्द लक्षात ठेवावेत. त्यानंतर जुने कागद मिळतीलच याची खात्री नसते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी धावपळ करू नये. महिनाभर आधीच अर्ज द्यावा.

अर्ज दोन ओळींचा पुरे : ‘मी अमुक तारखेपासून आपल्याकडे उपचार घेत आहे. गाव बदलत असल्याने माझ्या केसपेपरची प्रत व एक्स-रे मिळावेत, ही विनंती.’ खाली सही, तारीख, फोन नंबर. मुलांसाठी आईवडिलांनी सही करावी. मिळालेल्या कागदांची पोच द्यावी. मूळ फिल्म स्वतःजवळ ठेवावी; ट्रकमधल्या सामानात टाकू नये.

मोठ्या रुग्णालयात उपचार झाले असतील, तर नोंदणी क्रमांक असलेले जुने कार्ड शोधून ठेवावे. २०२१ साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये चौदा अंकी ‘आभा’ क्रमांकाला आरोग्याच्या नोंदी जोडता येतात. मात्र छोट्या दवाखान्यातला वीस वर्षांपूर्वीचा केसपेपर आपोआप तिथे पोहोचत नाही. तो आपणच जपायचा असतो.

एक साधी प्लॅस्टिकची फाइल, घरातल्या प्रत्येकासाठी एक कप्पा आणि वर नाव, एवढी तयारी पुरेशी आहे. सेक्टर ९ च्या रुग्णालयातले कागद असोत की कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले, सारे त्यातच ठेवावेत. क्वार्टरची किल्ली परत करण्यापूर्वी ही फाइल हातातल्या पिशवीत आहे ना, एवढे एकदा पाहून घ्यावे.